हवालदाराची चौथी वाट

माझ्या दाजींना गल्लीत हवालदार म्हणतात. पोलिसात नाहीत, इंजिनातल्या हवेच्या मागे हात धुऊन लागलेत, म्हणून. मी आयुष्यभर मोर्चे काढले, साहेबांची टेबलं बडवली, पण इतका हटवादी प्राणी एकाही कचेरीत भेटला नाही.

ताई पडदे शिवते आणि सासऱ्यांच्या जुन्या गाडीतून चढावरच्या दुकानांत पोचवते. गाडी अर्ध्या चढावर धापा टाकून बसते. मागे हॉर्न, शिव्या. मग ताई गठ्ठे काखेत मारून पायी चढते.

दाजी म्हणाले, "इंजिनाला श्वास पुरत नाही. हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या जाड झाकणातल्या, हवेच्या वाटा ओबडधोबड आहेत. त्या घासून मोकळ्या करतो, मग बघ!"

"जपून हं. तसलं दुसरं हेड आता शोधून मिळायचं नाही," ताई म्हणाली.

हेड जेवायच्या टेबलावर आलं. आम्ही ताटं मांडीवर घेतली. दाजी ग्राइंडरने उंचवटे घासत, मग भोक पाडलेली एक फळी वाटेच्या तोंडाला लावून तिच्यातून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढत. वाट अडलेली असली की फळीला जोडलेल्या नळीतलं लाल पाणी खुणेच्या वर चढे. तीन वाटा वठणीवर आल्या. चौथीला मात्र पाणी खुणेच्या वरच. पुन्हा घासलं. वरच. आणखी घासलं. मेलं ढिम्म हलेना!

"अहो, तिथे ती फळी वाकडी बसतेय," ताई मशीनवरून म्हणाली.

"तू तुझे पडदे बघ."

"दाजी, एकदा बघा तरी," मी म्हटलं.

"मेहुण्यांनी घोषणा द्याव्यात. इंजिनात तोंड घालू नये."

माझं टाळकं सटकलं. भरलं ताट ठेवून मी निघालो, तेवढ्यात ग्राइंडरचा आवाज बदलला. वाटेच्या भिंतीला आरपार भोक पडलं होतं. पलीकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची जागा.

ताईने येऊन फळी उचलली, पुन्हा लावली. बाजूचा बोल्ट आडवा येत होता. त्यामुळे फळी सरकायची आणि तिच्याखालचं रबर निम्मं तोंड झाकायचं. वाट मोकळीच होती हो! चुकत होतं ते मोजणं.

वेल्डरने भोक बुजवलं. आत टेंगूळ राहिलं.

"हे घासून काढतो," दाजी म्हणाले.

"भिंत कागदासारखी झालीय. हात लावलात तर माझ्या दारात येऊ नका," वेल्डर म्हणाला.

काल गाडी चढावर नेली. तीन वाटा झकास श्वास घेतात, चौथी घुसमटते. इंजिन नुसतं थरथरतं. पूर्वीच्या जागेच्या जरा पुढे जाऊन गाडी बसलीच. मागे हॉर्न सुरू.

"पण पुढे आली की नाही?" दाजी म्हणाले.

ताई उतरली. एक गठ्ठा तिने माझ्या खांद्यावर टाकला, सगळ्यात जड होता तो त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"चला, हवालदार."