मुक्कामी गाडीसाठी तीन खेपा

आमदार साहेब अधिवेशन संपवून आठवडाभर जिल्ह्यात आहेत असं कळलं, आणि सोमवारी सकाळी मी नाशिकला त्यांच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसले. नंबर लागला एकशे बारावा...

मागणी साधी होती. आमच्या डोंगरातल्या गावाला पूर्वी मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन यायची, रात्री गावातच थांबायची आणि पहाटे सहाला तालुक्याला निघायची. दोन वर्षांपूर्वी ती बंद झाली. आता पहिली गाडी नऊला, आणि माझ्या हर्षदाचं अकरावी सायन्सचं कॉलेज भरतं साडेसातला!

पोरगी कधी दुधाच्या पिकअपमध्ये, कधी कुणाच्या मोटरसायकलवर... एकदा पिकअप आलीच नाही आणि तिची प्रॅक्टिकलची परीक्षा बुडाली. त्या दिवशी तिच्या पप्पांनी सांगून टाकलं, महिनाभरात सोय झाली तर ठीक, नाही तर कॉलेजातून दाखला काढायचा. माणूस वाईट नाही हो. पहाटे पोरगी फाट्यावर एकटी उभी असते, याचा त्यांनी धसका घेतला होता.

तर सोमवारी दुपारी दीडपर्यंत एकोणसत्तर नंबर झाले, आणि साहेब कुणाच्या तरी दशक्रियेला निघून गेले. त्यांचंही चुकलं नाही, आपल्याकडे आमदार दशक्रियेला आला नाही तर लोक पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. पण माझा दिवस गेला आणि शिवायला आलेले चार ब्लाऊज तसेच पडून राहिले.

बुधवारी साहेब शेजारच्या गावात रस्त्याच्या उद्घाटनाला येणार होते. मीही गेले... तिथे सत्कारच संपेनात! शाल, नारळ, फेटा, पुन्हा शाल. आमचे सरपंच अण्णा तर स्टेजवरून खालीच उतरले नाहीत. माझा अर्ज पीएच्या हातात गेला आणि गाडी धुरळा उडवत पुढच्या गावाला गेली.

घरी आले तर हे म्हणाले, "आता बास कर. लोकं हसाय लागले." मी हट्टी आहे, हे माहेरीही सगळे सांगतील. मी म्हटलं, हसू द्या.

शुक्रवारी तालुक्याच्या विश्रामगृहावर साहेबांची शेवटची बैठक होती. दुधाच्या पिकअपमध्ये बसून मी सातलाच दारात. शेजारी अण्णाही आले, त्यांना गावासाठी दुसरं समाजमंदिर मंजूर करून हवं होतं.

आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि कोपऱ्यात शेरा मारायला पेन उघडलं. मी पिशवीतून जुने चार अर्ज काढून टेबलावर मांडले. चारही अर्जांवर तोच शेरा होता, 'योग्य ती कार्यवाही करावी.' दोन तर त्यांच्याच सहीचे...

"साहेब, शेरा नको. फोन लावा," मी म्हटलं. आवाज थोडा चढलाच असेल, कारण पीए दचकून माझ्याकडे बघायला लागला.

साहेबांनी चारही अर्ज उलटून पाहिले. मग हसले आणि खरंच फोन लावला, तोही स्पीकरवर. पलीकडे डेपो मॅनेजर होते.

"साहेब, गाडी कधीही देतो," ते म्हणाले. "पण त्या गावात मुक्कामाला माझे लोक तयार नाहीत. झोपायला जागा नाही, संडासला कुलूप. ड्रायव्हर-कंडक्टर भर थंडीत गाडीतल्या सीटवर झोपायचे. कंडक्टरला न्यूमोनिया झाला, तेव्हा बंद केली."

मला तोंड वर करून बघवेना. दोन वर्षं मी अर्ज लिहिले, शिक्के मिळवले, पोच जपून ठेवल्या... आणि रोज रात्री आमच्या दारात थांबणारी ती दोन माणसं झोपायची कुठे, हे एकदाही विचारलं नाही. आख्ख्या गावात कुणीच विचारलं नाही. खरंच लाज वाटली.

साहेब अण्णांकडे वळले. "पहिल्या समाजमंदिरात काय आहे सध्या?"

अण्णांनी टोपी सारखी केली. "भाताची पोती हायेत साहेब... थोडीच."

मी अण्णांना बोलूच दिलं नाही. मॅनेजर साहेब, सोमवारी गाडी पाठवा, म्हटलं. खोली तयार नसली तर माझ्या घरात शिलाई मशीन असते ती खोली देते, जेवणाचं आम्ही बघतो. ते म्हणाले, आठ दिवस बघू, तक्रार आली की बंद.

शनिवारी आमच्या बचत गटाच्या अकरा जणी झाडू घेऊन समाजमंदिरापुढे जमल्या. अण्णा फुगले होते, पण किल्ली घेऊन आले. "दुसरं मंदिर घालवलं तू माझं," एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत पोती गेली, दोन खाटा आल्या, मच्छरदाण्या लागल्या, संडासचं कुलूप निघालं. कुठल्या दिवशी कुणाच्या घरून डबा जाणार, ती यादी मी भिंतीवरच चिकटवली.

सोमवारी संध्याकाळी गाडी आली. मंगळवारी पहाटे मी उठले तर चूल आधीच पेटलेली... हर्षदाचे पप्पा हंडाभर अंघोळीचं पाणी तापवत बसले होते. मला वाटलं स्वतःसाठी. पण बादली उचलून ते समाजमंदिराकडे निघाले, ड्रायव्हर-कंडक्टरसाठी!

गाडीत सहा मुली बसल्या. हे ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "भाऊ, माझी पोरगी हाय आत. सायन्सला हाय." दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही.

साहेबांचे आभार, फोन लावल्याबद्दल. आणि त्या कंडक्टर दादांची या पोस्टमधून माफी मागते. तुम्ही पुन्हा आमच्या रूटला आलात तर पहिला डबा माझ्या घरचा असेल.