मैनेचा केस बशीत

केदारखेड्याची सुमेधा जालन्याच्या एका प्रयोगशाळेत शेळीचे केस वाढवते. शेळीच्या अंगावर नव्हे. तिथे ते फुकटात वाढतात. कातडीतून केसाचं एकेक मूळ सुईच्या टोकानं सोडवायचं, काचेच्या बशीत गुलाबी पोषक पाण्यात ठेवायचं आणि शेळीविना केस वाढतो का ते बघायचं. ही मुळं उबदार पेटीत राहतात, त्यांचं पाणी वरचेवर बदलावं लागतं. "येवढी बडदास्त तर जावयाचीबी न्हाई ठेवत कोणी," असं तिची आई बेबीनंदा म्हणते.

कातडी घरच्याच शेळीची, मैनेची. जनावरांचे डॉक्टर जागा बधिर करून तिच्या कानामागून हरभऱ्याएवढा तुकडा काढत. पण इथेच घोडं पेंड खात होतं. दोनदा मुळं आणली, दोन्हीदा बशीत मरून पडली. प्रयोगशाळेतल्या सरांनी सांगून टाकलं, "आता शेवटची संधी. नाही जगली तर विषय बदल."

सुमेधाने पाणी तपासलं, पेटी तपासली, स्वतःच्या हातांवरही संशय घेतला. शेवटच्या खेपेला मात्र ती डॉक्टर यायच्या आदल्या संध्याकाळीच गावी पोचली. बघते तर गोठ्यात तिचे वडील पुंजाराम मैनेच्या कानामागे तेलात कालवलेली हळद चोळत बसलेले. नवरीलासुद्धा कुणी इतक्या मायेनं लावत नाही.

"बाबा, हे काय करून राह्यलात?"

"उद्या चाकू लागणार न्हाई का तिला? जखमेच्या आधीच इलाज! सकाळी बराबर धुऊन टाकतो, तुह्या कामाला डाग नको म्हून."

"मागच्या दोन्ही वेळेला लावल्ती?"

"मंग! इसरतो का काय मी?"

मैना काळीकुट्ट, पिवळं दिसणार कुठून? सुमेधा कपाळाला हात लावून खाली बसली आणि हसत सुटली. "बाबा, हळदीनं जंतू मरतात, तशी माझी मुळंबी मेली असतील!"

पुंजारामांचा चेहरा एवढासा झाला. "दुसऱ्या कानाला अजून लावली न्हाई, माय," ते हळूच म्हणाले.

सकाळी त्याच कानामागून तुकडा निघाला. पुंजाराम तेवढा वेळ हात पाठीशी बांधून उभे. हातांचा भरवसा त्यांना स्वतःलाच नव्हता.

आठवडा सरायच्या आत सुमेधाचा फोन आला. "बाबा, मुळं जगली! केस वाढून राह्यलाय. सर म्हणतात, विषय हाच ठेव."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुंजारामांनी विचारलं,

"मंग आता लावू का हळद? जखम तर झालीच हाय."

"आता लावा, बाबा. बिलकुल लावा."