हिरवळीवरचे गोल डाग

फाटकाची कडी वाजली म्हणून बाहेर यावं, तर आमचे माळीमामा उभे दिसायचेच नाहीत. ते हिरवळीवर पालथे पडलेले असत, गाल गवताला टेकून. दंव आहे तोवरच बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पातींवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं की हाक येई, "साहेब, हितं या. बुरशी लागलीया."

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरात सात रस्ता चौकापलीकडच्या आमच्या सहा बंगल्यांत आता प्रत्येकाला हिरवळ हवी होती. सहाही घरी मामाच येत. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी डॉक्टरांकडे, बुधवारी वकिलांकडे. घराणं मेंढपाळांचं, त्यामुळे झाडाकडेही ते जनावरासारखंच बघत. खोडावर बोटानं टकटक करीत, पान उलटं करून पाहत. कुणी झाडाला खिळा ठोकलेला दिसला की चिडत. "जखमंतनं रोग शिरतोय की! तुमच्या हातात ठोकू का एक?"

ते स्वस्थ बसलेले मी पाहिले नाहीत. चहासुद्धा फिरत फिरत पीत.

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता आमच्या हिरवळीवर ताटलीएवढे तपकिरी गोल डाग पडले. माझी बायको संध्याकाळी नळ आला की पाणी मारायची. मामांनी ते बंद करवलं. "रातभर गवात ओलं ऱ्हातंय. सकाळी घाला." मी एका डागाच्या मध्यावर बोट ठेवलं, तर म्हणाले, "ते मेलंय. त्येला काय इचारायचं? कडंला बगा. रोग कडंनं चालतोय."

आठवड्याभरात डॉक्टरांच्या हिरवळीवर तसेच डाग उठले. मग वकिलांच्या. मामा भर उन्हात सायकलवरून या घरून त्या घरी फिरू लागले. गवत कापायचं मशीन कॅरियरला बांधलेलं, घामानं सदरा भिजलेला.

एका सकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. बसले, म्हणूनच मी घाबरलो. बोटांवर मोजत म्हणाले, "सोमवारी तुमी. मंगळवारी डाक्टर. बुदवारी वकील. डाग बी त्याच वळीनं आलं." मशीन समोर होतं. पात्यांना ओलं गवत चिकटलं होतं. "साहेब, रोग मीच फिरिवला."

"मामा, गप्प राहा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

आणि ते सहाही घरी जाऊन सांगून आले. पाती आता प्रत्येक घराआधी उकळत्या पाण्यानं धुईन, ओलं गवत कापणार नाही, असंही म्हणाले. वकिलांनी फाटकातच अडवलं. "रोग तूच पसरवलास आणि वर सांगायला आलास? उद्यापासून येऊ नकोस." बाकीच्यांनीही तेच केलं. मीही केलं. "थोडे दिवस राहू द्या, मामा," असं म्हणालो, एवढाच फरक.

"व्हय. बराबर हाय," म्हणाले. फाटकापर्यंत जाऊन परत आले. "वकीलसाहेबांचा लिंब तेवढा बगाया सांगा. बुडाला भूछत्रावाणी काय तर फुटलंय. आतनं कुजतोय. म्या सांगितलं तर ऐकायचं न्हाईत."

वकील तेव्हा संतापलेले होते. उद्या सांगू, म्हणून मी राहिलो. मग राहिलंच.

नवा माळी आला. मामा काही दिवस रस्त्यावरूनच त्याला ओरडून सांगत, "आरं, पातं पुसून घे की!" तो हसायचा. पुढे ते रस्त्यावरही दिसेनासे झाले. थंडीत आमचे डाग आपोआप भरून आले.

उन्हाळ्यात वकिलांचा कडुलिंब शेंड्याकडून वाळू लागला. वाळकी पानं, मोडक्या फांद्या अंगणात पडायच्या. खाली त्यांची नातवंडं खेळायची. वकील स्वतः माझ्याकडे आले. "मामांचा पत्ता आहे का?"

मी अक्कलकोट रोडकडच्या चाळीत शोधत गेलो. शेजारची बाई म्हणाली, "त्ये गेले की भावासंगं, मेंढरांमागं. आता कुटं म्हणून सांगू?"

परतलो तेव्हा वकील लिंबाखालीच उभे होते. बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखं कठीण भूछत्र हाताएवढं झालं होतं. नातवंडांना त्यांनी ओट्यावर बसवून ठेवलं होतं. आम्ही दोघं वर बघत राहिलो.

"मामा याबद्दल कधी काही बोलले होते का तुमच्याशी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.