फ्रेंच खानावळीतलं दुसरं टेबल

माझे थोरले दीर सरकारी इंजिनियर. खात्यानं त्यांना एकदा ट्रेनिंगला पॅरिसला पाठवलं. मांस-मच्छी चालत नव्हती म्हणून जाऊबाईंनी करून दिलेल्या कडक भाकऱ्या नि शेंगाच्या चटणीवर त्यांनी तिथले दिवस काढले. आल्यावर रिकामे डबे मीच घासले. पण गुलबर्ग्यात पाऊल ठेवल्यापासून बोलणं असं, की सगळा जन्म तिकडंच गेला.

ऐंशीनंतरची गोष्ट. पाँडिचेरीत स्वयंपाकी म्हणून काम केलेल्या एका माणसानं आमच्या कॉलनीत, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत हॉटेल काढलं. तो रांधायचा, बायको वाढायची. चौकटीचे टेबलक्लॉथ, मंद दिवे, बसायला ऐसपैस. लोक त्याला फ्रेंच खानावळ म्हणायचे. भावजींना ते नाव ऐकवेना. "बिस्त्रो म्हणा, बिस्त्रो," असं भाजीवाल्यालासुद्धा सांगायचे.

एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला तिथं नेलं. ते, जाऊबाई, माझे यजमान नि मी. कांद्याचं सूप आलं. वर भाजलेला पाव, त्यावर वितळलेलं चीज. "खरं सूप असं नसतं," भावजी चमचा न लावताच म्हणाले. वाढणारी बाई हसून कानडीत काहीतरी म्हणाली नि आत गेली. भावजींना हसून सोडून देणं तिला पहिल्या भेटीतच जमलं.

जाऊबाई दुबलगुंडी गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी चमचा उचलला तशी चीजची तार लांबतच गेली. त्यांना हसू आलं. सूप गरम होतं, म्हणून फुर्रकन आवाज झाला.

"आवाज कामून करायलीस?" भावजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माणसांत बसलीस, गोठ्यात न्हाई."

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. माझे यजमान मिठाची बाटली फिरवत बसले. भाऊ बोलायला लागला की यांना नेहमी अशीच एखादी बाटली सापडते.

जाऊबाई उठल्या. मला वाटलं, हात धुवायला निघाल्या. पण त्यांनी आपली वाटी दोन्ही हातांनी उचलली, खिडकीपाशी रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवली नि बसल्या.

"ए, काय करायलीस? हिकडं ये," भावजी दबल्या आवाजात म्हणाले.

"जेवायलाव," त्या म्हणाल्या. "तुमी जेवा."

मी माझी वाटी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले. मग वांगी, टमाटे नि ढोबळी मिरची घालून मंद आचेवर शिजवलेली भाजी आली. जाऊबाईंनी पावानं ती निपटून खाल्ली नि पुन्हा मागवली. पलीकडं भावजी काटा-सुरीनं एकच वांग्याची फोड कापत राहिले. तेवढा मोठा माणूस, पण त्यांच्याशी बोलायला टेबलावर कुणी उरलं नव्हतं. भाऊ होता, तो असून नसल्यासारखाच.

घरी आल्यावर यजमानांनी मला विचारलं, "तू कामून उठलीस? दादाला वाईट वाटलं की."

जाऊबाईंना काय वाटलं, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी अंथरूण घालायला लागले. असल्या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे त्याची पत वाढवणं.

भावजी पुन्हा तिथं गेले नाहीत. स्वयंपाक बिघडला म्हणून सांगत फिरले. जाऊबाई नि मी मात्र अधूनमधून दोघीच जायचो. त्या सूप मागवायच्या, चीज लांबवायच्या नि पोटभर हसायच्या.