मुठीखालचा नंबर

थोरला भाऊ मेल्यावरसुद्धा माझ्या बाबांच्या पोटात त्याच्या नावानं दुखत होतं. हे मी त्यांची सख्खी मुलगी सांगते, आणि सांगायला मला लाज वाटत नाही. लाज त्यांना वाटायला हवी होती.

मोठेबाबा, म्हणजे हेच थोरले भाऊ, तरुणपणी एका इंग्रज साहेबासोबत जंगलात शिकारीला जात. साहेबावर वाघीण आली तेव्हा मोठेबाबांनी तिला भाल्यानं अडवलं, म्हणून विलायतेला परत जाताना साहेबानं आपल्या कमरेचं रिव्हॉल्वर त्यांना दिलं. कागद नाही, साक्षीदार नाही. मोठेबाबा सांगायचे आणि मूल गावापासून चामोर्शीपर्यंतचे सोयरे ऐकायचे. ते गेले. त्यांच्या बायकोला, मोठीआईला, मूलबाळ नव्हतं, धानाची शेती बाबांनी आपल्याकडे घेतली, आणि तिच्याजवळ राहिलं ते हे लोखंड आणि ही गोष्ट. दसऱ्याला शस्त्रपूजा, म्हणून आदल्या दिवशी ती ते राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायची, तांब्या घासावा तसं. मग तेलाचं बोट फिरवायची आणि पाटावर ठेवायची. त्या दिवशी तिचा तोरा पाहण्यासारखा असायचा.

आणि बाबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "अरे, कायचा साहेब न् कायची वाघीण! नाटकवाल्याजवळून आणलेलं नकली हाये ते. आमचा भाऊ लय फेकायचा."

मोठीआईचं जेवण बाबांच्या चुलीवरचं होतं, बोलणार काय?

एका दसऱ्याला बाबांनी आपल्या इवाईंना, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना, नागपूरहून मुद्दाम बोलावलं. त्यांना जुन्या हत्यारांचा नाद. सोनं द्यायला गाव जमलं होतं, ओसरी भरलेली, आणि बाबांनी सगळ्यांसमोर रिव्हॉल्वर त्यांच्या हातात दिलं. "पाहा इवाई, काय ते एकदाचं सांगून टाका."

इवाईंनी भिंग लावलं. "असली मालावर अक्षरं ठोकून काढतात, त्याची कड बोटाले लागते. हे तर वापरलेल्या साबणावरच्या नावासारखं झालं. साच्यात ओतलेल्या नकलेवर असंच येते. अन् जुन्या लोखंडाले काळीनिळी झाक असते. हे ताटासारखं चमकून राह्यलं. नवा माल हाये."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं ना वहिनी? मी काय म्हणून राह्यलो होतो?" लोक हसले. मला तेव्हा बाबांच्या तोंडावर पाटच फेकून मारावासा वाटला.

मोठीआई दाराआडून म्हणाली, "मी घासलं ना भाऊ ते. दर साली घासतो. राखेनं."

इवाईंनी कपाळाला हात लावला. "राखेनं? अहो बाई, मंग अक्षरं राहतीन कुठी!" पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. "मुठीचं लाकूड काढून पाहावं लागते. तिथी तुमचा हात पोचला नसंल." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण वहिनी, एक ऐका. नकली म्हणून ठेवाल तर खेळणं हाये, कोणी इचारत नाई. असली निघालं तर लायसन पाहिजे, अन् ते तुमच्याजवळ नाई. घरात ठेवता येणार नाई. राहू द्या ना!"

बाबा म्हणाले, "हो, राहू द्या. नकलीच हाये ते."

मोठीआई ओसरीवर आली. एवढ्या माणसांत ती कधी येत नसे. शिलाई मशीनचे स्क्रू काढायचा पेचकस तिनं इवाईंपुढे धरला. "खोला," म्हणाली.

लाकूड निघालं. खाली निळं-काळं, कोरं लोखंड होतं, आणि त्यावर ठोकलेला नंबर. बोटाला कड लागत होती. तोच नंबर गोळ्यांच्या चक्रीच्या मागं, अर्धा घासलेला. इवाई म्हणाले, "असली हाये. शंभर टक्के."

मोठीआईनं पदर तोंडाला लावला. बाबा मात्र उठले आणि म्हणाले, "मंग बेकायदा हत्यार झालं ना हे? खरं पाहिजे होतं ना वहिनी तुमाले? घ्या. आता खऱ्याले ठाण्यात नेतो." कोणी सांगायला जाणार नव्हतं हो! गावातला एक माणूस गेला नसता. सकाळी बाबा स्वतः गेले, सोबत तिलाही नेलं, तिच्यासाठी मीही गेले. तिनं अंगठा दिला, रिव्हॉल्वर जमा झालं. परत येताना बसमध्ये मला म्हणाली, "जाऊ दे पोरी. तुहे मोठेबाबा खोटे नव्हते, गावानं पाह्यलं." ती खूश होती. खरंच खूश होती.

पण असली निघाल्याची बातमी पसरली, जमा केल्याची नाही, आणि लोक पाहायला येऊ लागले. बाबांना त्या मानाची चटक लागली. पुढच्या दसऱ्याला पाटावर पुन्हा रिव्हॉल्वर! इवाईंनीच आणून दिलेली नक्कल, काळी-निळी, अक्षरं सुबक. नागभीडकडचे नवे सोयरे आले होते. बाबा छाती फुगवून वाघिणीची गोष्ट सांगत होते, आणि आता वाघिणीपुढं दोघं भाऊ उभे होते.

मोठीआई पाहुण्यांना वडे वाढत होती. ती थांबली. "हे ते नोहे," म्हणाली. "हे नकली हाये. अन् वाघिणीपुढं आमचे हे एकटेच होते."

बाबा हसले. "वय झालं तिचं. मनावर घेऊ नका."

"मोठीआई खरं बोलून राह्यली," मी ओरडले. "इवाईंना विचारा!"

सगळे इवाईंकडे पाहू लागले. त्यांनी हातातला वडा संपवला. "असली हाये," म्हणाले. "मीच तपासलं होतं."

एक पाहुणी मोठीआईच्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाली, "असं काऊन करता बाई? तुमच्याच मालकाची वस्तू, अन् तुमालेच ओळखू येत नाई?"