हे शिकून पोरगी काय हुणार?

जून आला की डॉक्टर-इंजिनियरांच्या कॉलेजांपुढं पालकांच्या रांगा लागतात. आमच्या आर्ट्स कॉलेजात सगळं उलटं. पोरं शोधत आम्ही मास्तरमंडळीच गावोगाव फिरायचो. एखाद्या विषयाला पुरेशी पोरं मिळाली नाहीत की तो वर्ग बंद, आणि वर्ग बंद झाला की माझ्यासारख्या तासावर नेमलेल्या बाईला लांबूनच नमस्कार. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे! तुमचं पोट जूनवर टांगलेलं नसतं.

माझं समाजशास्त्रात एम.ए. झालेलं, पहिल्या वर्गात. उचगावात आमच्या गल्लीत जयंतीच्या स्टेजवर माझं नाव पुकारताना माझे वडील, दादा, माइकवाल्याच्या कानात जाऊन सांगायचे, "प्राध्यापिका म्हण की रं." बाई प्राध्यापिका, पण फक्त जून ते मार्च. कायमची जागा म्हणजे नुसतंच गाजर. शेवटी दादांचाही धीर सुटला. म्हणाले, "यंदा तास मिळालं तर मी काय बोलणार न्हाई. न्हाई मिळालं तर मावशीनं आणल्यालं स्थळ बघायचं आन् शिकवणं-बिकवणं बंद." मी ताट सारून उठले. पण ते चुकीचं बोलत नव्हते, हेच जास्त लागत होतं.

भारनियमनाची वर्षं होती ती. त्या जूनमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र घेणारी फक्त एक पोरगी कमी पडत होती. एक! मिळण्याजोगी होती ती कबनूरची. आदल्या वर्षी पहिल्या बाकावर बसून "मॅडम, पण असं का?" विचारून विचारून तिनं मला घाम फोडला होता. आता तिचा बाप म्हणत होता, शिकली तेवढं बास.

आमच्या विभागाचे सर मला स्कूटरवर मागं बसवून निघाले. वाटेत त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. "एमपीएससी म्हणायचं. एमएसडब्ल्यू म्हणायचं. कारखान्यात लेबर ऑफिसर, जेलमध्ये कल्याण अधिकारी, सगळं म्हणायचं. आपल्या नोकरीचा विषय मात्र काढायचा नाही." सर मनानं वाईट नव्हते. विषय बंद पडू नये म्हणून ते या वयात उन्हातान्हात हिंडत होते, एवढंच.

पोरीचा बाप यंत्रमागावर कामाला. घरी गेलो तर तिची आई म्हणाली, कारखान्यातच जावा, बापलेक दोघं तिथंच हायती. गेलो. आत मागांचा असला खडखडाट, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलायचं. पोरगी कोपऱ्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरत बसली होती. केसांवर कापसाचा भुगा. मला बघून उठली आणि परत बसली. दारातल्या खुर्चीवर मालक पेपर वाचत होता.

"माग सोडून येता येत न्हाई, पावणं! हितंच बोला!" बाप ओरडला.

सरांनी यादी सुरू केली. एवढ्या आवाजात एमपीएससी वगैरे काय ऐकू जाणार? बाप कान पुढं करून विचारी, "कोण आपिसर?"

"लेबर ऑफिसर! कामगारांचं बघणारा!"

"बघणारा व्हय? आवो, आयुष्य गेलं हितं माझं! मला तर कोण बघाय आल्यालं न्हाई!"

सर खोकले. बापानं तुटलेला धागा जोडला, आणि सरांना सोडून माझ्याकडं वळला.

"मॅडम, तुमी बी ह्योच इषय शिकलाय न्हवं? तुमास्नी लागली काय नोकरी?"

व्हय म्हटलं असतं तर काम झालं असतं. एका शब्दाचं काम. सर डोळ्यांनी म्हण म्हण म्हणत होते. पोरगी कांड्या सोडून माझ्या तोंडाकडं बघत होती. पण माझं डोकंच फिरलं. इतके जून साठलेले, त्यात ते दादांचं बोलणं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "नाही लागली! दरवर्षी असंच दारोदार फिरावं लागतं! तुमची पोरगी आली नाही तर माझेसुद्धा तास जाणार आहेत!"

आणि ओरडता ओरडताच लाईट गेली.

शेवटचं वाक्य मी बंद पडलेल्या मागांत ओरडले होते. अख्ख्या कारखान्यानं ऐकलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

बाप सावकाश हात पुसत म्हणाला, "म्हंजे तुमी माझ्या पोरीसाठी न्हाई, तुमच्यासाठी आलायसा."

"दोघींसाठी," मी म्हटलं. माझंच मला पटलं नाही.

तेवढ्यात पोरगी उठली. "अण्णा, मॅडमचं काय व्हायचं ते हुंदे. मला मॅडमसारखं व्हायचंच न्हाई."

लागलं मला ते. चांगलंच लागलं.

"तू आत्ता म्हणलास न्हवं, कोण बघाय आलं न्हाई? मला त्योच आपिसर व्हायचंय. पयला ह्योच कारखाना बघायचाय. पाळी किती तासाची, कापूस किती नाकात जातोय, तुझा खोकला कवापास्नंचा, समदं लिवून घ्यायचंय."

कुणी हसलं नाही. मालकानं पेपरची घडी घातली आणि उठून आत आला. माझ्यापुढं थांबून म्हणाला, "बरं शिकिवताय की ओ मॅडम पोरीस्नी." आवाज अगदी गोड. बापाचा चेहरा पार उतरला. "बारकी हाय, मालक. तोंडाला येईल ते बोलती," असं म्हणत त्यानं पोरीला दंडाला धरून खाली बसवलं आणि आम्हाला म्हणाला, "जावा तुमी आता."

सरांनी मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. घरात शिरले तर दादा वाट बघत बसलेले. "झालं का काम?" म्हटलं, ठाऊक नाही. मावशीचा निरोप येऊन पडलाच होता, पाव्हणे रविवारी येणार म्हणून. मी त्या आठवड्यात अन्न म्हणून गिळत होते तेवढंच. कॉलेजच्या फाटकातून कुठलीही पोरगी आत आली की मी खिडकीशी जायचे आणि परत येऊन बसायचे.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, ती आली. घाम पुसत आत आली आणि समाजशास्त्र म्हणून सही करून गेली. सरांनी पेढे आणले. दादांनी मावशीला फोन करून रविवारी पाव्हणे आणू नको म्हणून कळवून टाकलं. मी हलकी झाले होते, खोटं कशाला बोलू. वर्गाच्या पहिल्या तासाला तर मी काय सुटले होते!

तास संपल्यावर ती फळ्यापाशी येऊन थांबली. मी कौतुकानं विचारलं, "काय गं, अण्णा झाले ना तयार शेवटी?"

"मालकानं दुसऱ्याच दिवशी काढलं त्याला मागावरनं." ती सरळ माझ्याकडं बघत होती. "आता लांबच्या कारखान्यात रातपाळी करतोय. त्योच म्हणला, एवढं झालंय तर आता शिकच."

मी फळा पुसायला घेतला.

"नोकरी लागंल न्हवं मॅडम मला?"

बापानं विचारलं होतं तेव्हा जो शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता, तो आता निघाला.

"व्हय," मी म्हटलं.