संडासाच्या गॅसवरच्या नेवऱ्या

आमच्या घराच्या भिंती बघायला मुंबईहून माणसं यायची. दारात उभी राहून भिंतीवर हात फिरवायची, नाक लावून मातीचा वास घ्यायची, आणि मग आत बसलेल्या आम्हा तिघांकडे, म्हणजे बाबा, आते आणि मी, अशा नजरेने बघायची की आम्हीही त्याच मातीतून काढून उभे केलेले आहोत.

मालवणच्या वरच्या अंगाला सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, ती घरांची ओळ होती. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, ओरोसला कचेऱ्या उठत होत्या आणि जो तो सिमेंट-सळीच्या गोष्टी करत होता. अशा वेळी एक वास्तुशिल्पी मुंबईहून आला आणि म्हणाला, सिमेंट नको. जांभ्याचा चिरा इथलाच, माती इथली, चुना शिंपल्यांचा, वर कौलं. छपराचं पाणी टाकीत आणि गुरांचं शेण गॅसच्या खड्ड्यात. खादीचा झब्बा, पायात वहाणा, बोलणं गोड. गाव त्याला ‘मातीवालो सायब’ म्हणायचं.

त्याला गावात आणलं बाबांनी. बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. जंगलतोडीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, देवाला कौल लावण्याविरुद्ध. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. आमच्या घरात गोष्टी सांगत नसत, मुद्दे सांगत. बाबा घरातही छापील बोलायचे. मालवणीत बोललं तर माणूस विचार करायचा थांबतो, असं त्यांचं मत होतं.

ती घरं चांगली होती. हे मी आजही म्हणते. वैशाखात आत शिरलं की अंगावरचा घाम निवायचा. ज्यांना मातीत राहण्याची लाज वाटते त्यांनी स्लॅबखाली खुशाल शिजावं. पण घर चांगलं असलं म्हणून ते बांधणारा चांगला असतो असं नाही, आणि त्याला गावात आणणारा तर नाहीच नाही.

आते माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. गावात हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नसे. समोरून आली तर बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. पण चवथ जवळ आली की त्याच बायका आमच्या मागच्या दाराला नारळ, गूळ आणि रवा घेऊन उभ्या राहायच्या. घरोघरचे मुलगे मुंबईहून गणपतीला यायचे, घरात हात एखाद्या म्हातारीचे, आणि नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, तर पन्नास माणसांना पुरायला हव्यात. आते पहाटे आंघोळ करून ओलेत्याने बसायची. तळताना बोलायची नाही. तिच्या नेवरीची कड कधी फुटली नाही, आणि तिच्या सोवळ्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. ज्या घरांच्या ओटीवर तिला बसू देत नसत, त्या घरांच्या देवापुढे पहिलं ताट तिच्या हातचं असायचं. तिच्याकडे एवढंच होतं. बाकी सगळं गावाने काढून घेतलं होतं.

गॅस पहिला आमच्याच घरात आला तेव्हा ती हरखली. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे, ते निवले. शेणकाला स्वतः कालवून खड्ड्यात ओतायची, आणि शेगडी पेटवण्याआधी ज्योतीला हात जोडायची. म्हणायची, “गायीच्या पोटातलो इस्तव ह्यो. लाकडापेक्षा सोवळो.” बाबा ऐकायचे आणि मिशीत हसायचे. ते हसणं मला तेव्हा प्रेमाचं वाटायचं.

घरांच्या ओळीमागे संडास बांधले होते. त्यांचा खड्डा वेगळा, असं सगळ्यांना सांगितलं होतं. तो वेगळा नव्हता. नळ जमिनीखालून गॅसच्याच टाकीला जोडला होता. हे तिघांना माहीत होतं. सायबाला, गवंड्याला आणि बाबांना.

बाबांचा हेतू वाईट नव्हता, असं मला पुष्कळांनी सांगितलं. त्यांचा हेतू असा होता: आधी सांगितलं तर कोणी जोडू देणार नाही. म्हणून आधी वापरू द्यावं, खाऊ द्यावं, आणि मग सांगावं, बघा, खाल्लंत, काय झालं? पुरावा समोर ठेवला की अंधश्रद्धा गळून पडते. पत्रकात असंच होतं. वरच्या अर्ध्यात प्रश्न, खालच्या अर्ध्यात उत्तर, आणि वाचणारा शहाणा झालेला.

श्रावणात, चवथीला थोडे दिवस असताना, त्यांनी कार्यक्रम ठेवला. ओरोसहून एक अधिकारी जीपने आले. गाव जमलं. अंगणात मांडव, खुर्च्या, आणि मध्ये टेबलावर आतेची शेगडी, लांब रबरी नळी लावून. सायबाने तिला विनंती केली, सगळ्यांसमोर नेवऱ्या तळा. तिला चारचौघांत बोलावण्याची ती पहिलीच वेळ होती. तिने नवं पातळ नेसलं.

नेवऱ्या तळून झाल्या. ती ताट घेऊन स्वतः फिरली. ज्या बायका तिच्या सावलीला बाजूला व्हायच्या त्यांनी हात पुढे केले. अधिकाऱ्यांनी दोन घेतल्या.

मग सायब उभा राहिला. म्हणाला, “आज आपण एक मोठी गोष्ट केलीत. ही ज्योत नुसत्या शेणावर जळत नाही. तुमच्या-आमच्या संडासातलं जे आपण घाण म्हणून टाकतो, त्याचीच ही ऊर्जा आहे. निसर्गात टाकाऊ काही नसतं!”

आणि त्याने टाळ्यांसाठी थांबावं तसं थांबून बघितलं.

शेजारची म्हातारी, जिच्या घरी दरवर्षी पहिली नेवरी जायची, तिने तोंडातला घास हातात काढला. “अगो बाये, ह्या काय सांगता हो?”

“संडासातलो गॅस, म्हणता,” मागून कोणीतरी सांगितलं.

“म्हणजे काल जेवललां ता आज परत ताटात इला!” एक पोरगेला दर्यावर्दी ओरडला, आणि अर्धा मांडव हसला. उरलेला अर्धा थुंकत होता. एक बाई कुंपणाशी जाऊन घशात बोट घालत होती. अधिकाऱ्यांनी दुसरी नेवरी हळूच रुमालात गुंडाळली.

म्हातारी आतेच्या समोर आली. “मेल्यांनू, माणसांचा जाऊ दे, देवाक तरी सोडायचा व्हता! आमच्या गणपतीक तू हगणदारीवरचा घातलंस?”

चवथीला हा गॅस कधी लागलाच नव्हता. मागच्या चवथीला घर तयारही नव्हतं.  पण आते ताट धरून उभी होती आणि बाबांकडे बघत होती.

“दादा, तुका म्हायत व्हता?”

बाबा टेबलावर चढल्यासारखे बोलायला लागले. मिथेन म्हणजे काय, ज्योतीला जात नसते, वास येतो का कुणाला, सांगा, येतो का? ते बरोबर बोलत होते. एकेक वाक्य बरोबर होतं. मला वाटतं त्या दिवशी त्या अंगणात खरं बोलणारे ते एकटेच होते, आणि मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

“माका म्हायत नाय व्हता,” आते म्हणाली. कोणी ऐकलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. मग ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नारळ-रवा परत न्यायला माणसं आली. आत यायची नाहीत. वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडूनच ओरडायची, “आमचो जिन्नस भायर ठेव गो!” तिचा हात लागलेल्या रव्याचं काय करायचं, असं म्हणत एकीने तो घेतला आणि आमच्यासमोरच कोंबड्यांना टाकला. तळीवर पाणी भरायला गेली की मुली विचारायच्या, “आते, आज खंयच्या घरचो गॅस?” आणि कळशा आपटत हसायच्या. दर्यावर्द्यांची पोरं आमच्या संडासाच्या दाराला फुलं वाहून जायची.

आतेने मागच्या पडवीत तीन चिरे मांडले आणि लाकडावर रांधायला लागली. तिला वाटलं, आठवड्याभरात माणसं बघतील, विसरतील. कोणी आलं नाही. आला तो सायब. भिंतीवर धुराची काळी रेघ उठली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, म्हणजे बरोबरीने बोलतोय असं वाटावं.

“आते, ही चूल इथे नको. ही घरं लोक बघायला येतात. धूर दिसला की सगळ्या कामावर पाणी.”

“माका पोट आसा, सायबा.”

“गॅस आहे ना घरात?”

“तो तुमी वापरा.”

तेव्हा त्याने बाबांना आठवण करून दिली की घरं नमुन्याची आहेत आणि त्यात फेरफार करायचा नाही या कबुलीवर दिली आहेत. बाबांनी त्याच्यासमोर ते चिरे स्वतः उचलले. बहिणीला म्हणाले, “तू हरलीस तर विचार हरेल.” तिने विचारलं, “आणि मी जिकलंय तर?” बाबा चिरे एकेक करून वईपलीकडे टाकायला लागले.

सायबाचं स्वतःचं घर खाली समुद्राकडे होतं. तेही मातीचं, आमच्यापेक्षा देखणं. त्याच आठवड्यात त्याने तिला तिथे स्वयंपाकाला बोलावलं. मी तिची पिशवी घेऊन गेले होते. स्वयंपाकघरात लाल सिलिंडर उभा होता, गोव्याहून आणलेला. मी सायबाला विचारलं, तुमचा संडास कुठे जोडलाय? तो हसला. म्हणाला, “अगं, आमच्याकडे पाहुणे असतात. गॅस पुरणार नाही.”

मी आतेला म्हटलं, चल परत. ती ओट्यावर हात फिरवत होती.

“हयसर माका कोण इचारणत नाय गो बाय, इस्तव खंयचो ता,” ती म्हणाली. “तू जा.”

चवथीला गावाने मालवणच्या दुकानातून नेवऱ्या आणल्या. कसल्या तेलात, कुणाच्या हातच्या, कोणी विचारलं नाही. सायबाकडच्या पाहुण्यांनी आतेच्या नेवऱ्या हातात धरून उजेडात बघितल्या आणि कृती मागितली. तिने एक डबा भरून माझ्याकडे दिला. “दादाक दी. त्येका गरम आवडता, पण काय करतलंय.”

बाबा पडवीत पुढच्या पत्रकाचा मजकूर लिहीत होते. मी डबा उघडून समोर ठेवला. त्यांनी नेवरी उचलली, वास घेतला.

“कशावर तळल्यात?”

“सिलिंडरवर. सायबाच्या.”

त्यांनी ती परत डब्यात ठेवली, धोतराला बोटं पुसली. “त्या दांभिकाच्या चुलीवरचं मी खाणार नाही,” म्हणाले. आवाज शेजारच्या म्हातारीचा होता, भाषा तेवढी शुद्ध.

मी डबा पुढ्यात ओढला आणि त्यांच्यासमोर बसून सगळ्या नेवऱ्या खाल्ल्या. ते लिहीत राहिले.

दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत नेला. आते दारातच उभी होती.

“खाल्ल्यान?”

“नाही,” मी म्हटलं. का नाही तेही सांगितलं.

तिने डबा घेतला, झाकण लावलं आणि आत गेली. पाहुण्यांच्या चहाची वेळ झाली होती.